घराचं डेडस्टॉक रजिस्टर

२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण : शिस्त. म्हसावदच्या हायस्कूलात एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो. रिटायर झाल्यावर माणूस सैल पडतो. मी पडलेलो नाही, पण खबरदारी घेतलेली बरी.

सकाळी सुरतेहून फोन. आमची सौ. मोहिनी पंधरा दिवसांसाठी मुलाकडे, भाग्येशकडे गेली, त्याला आज सात महिने झाले. सूनबाई ममता पुन्हा नोकरीला लागली. नात रुपा सहा वर्षांची, तिला शाळेतून आणायला कुणीतरी हवं. ठीक आहे. जा, असं मीच म्हणालो होतो. मला एकट्याला काही त्रास नाही. घर शांत असलं की विचार करता येतो.

फोनवर म्हणे, आपली परात ब्रासनी शे, ठाऊक शे का तुमले? रुपाच्या शाळेत वस्तू कशाकशाच्या बनतात हा धडा चालू आहे आणि आजीबाईपण तिच्याबरोबर अभ्यासाला बसतात. मी म्हटलं, ठाऊक आहे. तर लगेच पुढचा प्रश्न, जर्मनच्या पातेल्याला काय म्हणतस? मी म्हटलं, रेंज नाही. फोन ठेवला.

सातवी पास बाई! बी.ए. पार्ट टू झालेल्या माणसाची तोंडी परीक्षा घेते!

३ मार्च
निर्धार. आखाजीपर्यंत घरातली एकूण एक वस्तू कशाची आहे ते इंग्रजीत तोंडपाठ. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला. रोज दहा शब्द धरले तर पावणेसहाशे होतात. जगात एवढे पदार्थ नसतील तर उरलेले दिवस रिव्हिजन.

आखाजीला मोहिनी येणारच. यात भावनेचा प्रश्न नाही, पुरावा आहे. खापर इथे आहे. पुरणाचे मांडे करायचं ते मातीचं मोठं भांडं, चुलीवर पालथं घालतात ते, माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेलं. तिच्या आईने दिलेलं, चाळीस वर्षं तापून तापून काळंभोर झालेलं. खापराशिवाय मांडा नाही आणि मांड्याशिवाय मोहिनीची आखाजी नाही. शिवाय माझ्या आईवडलांच्या नावाने घागर भरायची ती याच घरात.

म्हणजे ती येणार, मांडे करायला बसणार, आणि मी सहज बोलता बोलता म्हणणार, मोहिनी, धिस खापर इज मेड ऑफ... (शब्द बघणे.)

५ मार्च
शहाद्याला जाऊन चार्ट आणला. चित्रांसकट. दुकानदाराने विचारलं, नातवाला का? मी म्हटलं, हो.

आज पाठ : वुड, आयर्न, ग्लास, स्टोन. चार झाले. सहा उद्या, म्हणजे उद्या सोळा.

७ मार्च
सकाळी सहाच्या ट्रॅव्हल्सने सुरतेला तूरडाळ पाठवली. शेजारची नानीबाई पिशवी बांधून देते, मी खांद्यावरून स्टँडला नेतो, क्लीनर दगा ती डिकीत टाकतो. नानीबाई ही मोहिनीची मैत्रीण. दोन वेळची भाकरी-भाजी तीच देते, घराची एक किल्ली तिच्याकडे असते. तशी बाई चांगली. बोलते फार.

पिशवी भलतीच जड. खांदा उतरला. सुरतेत हे लोक डाळ खातात की काय करतात!

९ मार्च
फार मोठी कल्पना सुचली. चार्टवरून पाठांतर म्हणजे पोपटपंची. मी घराचं डेडस्टॉक रजिस्टर करणार. शाळेत दरवर्षी मीच करायचो. बाकं, कपाटं, घंटा, पाण्याचे पिंप, सगळ्यांना नंबर. एकतीस वर्षांत एक खडूपुसणं इकडचं तिकडे झालं नाही. रकाने असे : अनुक्रमांक, वस्तू, मेड ऑफ, नग, शेरा. आणि प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी.

घरातला चमचासुद्धा मला विचारल्याशिवाय हलायचा नाही, हा माझा नियम लग्नापासूनचा आहे. मोहिनीला तेव्हा राग यायचा. आता त्याचं महत्त्व कळेल.

११ मार्च
कणकेची खळ करून चिठ्ठ्या चिकटवल्या. खाट : वुड. खिडकी : आयर्न. आरसा : ग्लास. माझी खुर्ची : प्लॅस्टिक. (ही सागवानी आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. सागवानी खुर्ची भाग्येश सुरतेला घेऊन गेला तेव्हा ही आणून ठेवली होती म्हणे.)

खापर माळ्यावर. शिडीवर चढायला गुडघा तयार नाही, म्हणून त्याची प्रत्यक्ष पडताळणी खालूनच केली. गोणपाट दिसला. नोंद घेतली : खापर, अर्दनवेअर, नग एक, सुस्थितीत. अर्दनवेअर! क्ले म्हणणारे क्ले म्हणोत.

१३ मार्च, होळी
पुरणाची पोळी नानीबाईने दिली. मोहिनीचा फोन. म्हणे, आखाजीले तुम्हीच या ना आठे. बोलायची पद्धत असते एकेकाची. मी म्हटलं, घर कोण बघेल?

ती म्हणाली, घरमा काय शे?

मी म्हटलं, एकशे बेचाळीस नग.

१५ मार्च
खळीच्या चिठ्ठ्या झुरळांनी खाल्ल्या. बहुतेक सगळ्या. 'लेदर' पूर्ण खाल्लं, 'प्लॅस्टिक' शिवलेलं नाही. जनावरालासुद्धा समजतं.

आता डिंक. निर्धार कायम.

१८ मार्च
बाजाराचा दिवस. आज लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होते. दोघंतिघं तर थांबून हसले, आदराने. मी म्हटलं, अभ्यास करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं ते खोटं नाही. मिरच्या घेतल्या, भटूच्या दुकानात दाढी केली. भटू न्हावी पण माझा जुना मित्र. त्याने माझ्या पाठीवरून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. 'मेड ऑफ कॉटन.' खुर्चीच्या पाठीवर सुकत घातलेल्या सदऱ्याला लावली होती ती.

भटूला म्हटलं, मुद्दाम लावली होती. तो म्हणे, बरं.

१९ मार्च
पुन्हा तूरडाळ. पुन्हा जड. आत काहीतरी खणखणलं. नानीबाई म्हणे, डब्यात भरेल शे. बरोबर आहे, डाळ डब्यातच भरतात.

२३ मार्च
आज कुणाशी बोललो नाही. सकाळी नानीबाई घाईत होती, ताट ठेवून गेली. भटूचं दुकान बंद. फोन आला नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून रजिस्टर मोठ्याने वाचलं. पितळ ब्रास, तांबं कॉपर, कासं ब्रॉन्झ, लोकर वूल. आवाज चांगला लागला होता. मग एकदम एकटं वाटलं. फार वाटलं. लिहून ठेवतो, कारण रोजनिशीत खरं लिहायचं असं ठरलं आहे.

शब्द झाले एकूण बावीस.

४ एप्रिल
आजची तूरडाळ गोल होती. मोठ्या टोपलीएवढी, जुन्या गोधडीत गुंडाळलेली. विचारलं, तर नानीबाई म्हणे, घमेलामा भरी शे. स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आली, जे ती कधी करत नाही, आणि दगाला तीनदा सांगितलं, हळू ठेवजो भाऊ, फुटी जाई. डाळ फुटते हे मला माहीत नव्हतं. पण बायकांना धान्यातलं जास्त कळतं.

ऊन चढलं. शब्द पंचवीस. आजपासून रोज वीस.

१२ एप्रिल
मोहिनीचा फोन. बारा दिवसांनी. पाच मिनिटं रुपाच बोलली. आजोबा, व्हॉट इज युवर हाऊस मेड ऑफ? मी म्हटलं, वीट आणि माती. ती म्हणे, इंग्लिशमध्ये. मी म्हटलं, आजीला दे. आजीने फोनवर येऊन ब्रिक अँड मड असं मलाच सांगितलं आणि विचारलं, जेवनात का? मी म्हटलं, हो. मग तिकडे कुणीतरी तिला हाक मारली. सोसायटीतल्या बायका रोज भजनाला बोलावतात म्हणे.

आखाजीचं ती काही बोलली नाही. म्हणजे येणं ठरलेलंच आहे. ठरलेल्या गोष्टी लोक बोलत नाहीत.

१७ एप्रिल
वार्षिक पडताळणी. अंदाजे लिहिलेली यादी हातात घेऊन प्रत्येक वस्तूला प्रत्यक्ष हात लावायचा. स्वयंपाकघरापासून सुरुवात केली आणि तिथेच अडलो.

नाहीत : पितळी परात. तांब्याचा हंडा. लोखंडी खलबत्ता. काशाच्या दोन वाट्या. पुरणयंत्र. स्टीलचे चार डबे. एकूण दहा नग.

घरात चोरी! आणि चोराला नेमकं स्वयंपाकघरच माहीत. रोख कुणाकडे जातो हे उघड आहे. किल्ली कुणाकडे असते?

१८ एप्रिल
रजिस्टर घेऊन नानीबाईच्या दारात गेलो. चार माणसं बघत होती, बरंच झालं, साक्षीदार हवेतच. यादी खणखणीत आवाजात वाचली, इंग्रजी नावांसकट. विचारलं, हा माल कुठे आहे?

नानीबाई आधी हसली. मग हसायची थांबली. म्हणे, मी काय चोर शे का अमृतभाऊ? पिशवी मी बांधी, तिनी सांगं म्हनून बांधी. पन मोटारवर कोन लई गया? तुम्हीच ना? दर खेपले तुम्हीच लई गयात, खांदावर!

आणि दार लावून घेतलं.

१८ एप्रिल, दुपारी
हिशोब जुळतो. साडेआठ महिन्यांत सहा खेपा. एवढी डाळ चार माणसं खाऊच शकत नाहीत, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. आलं होतं. पण मी बोललो नाही.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : हस्तांतरित. वाहक : स्वतः.

नानीबाईकडून जेवण आलं नाही.

१९ एप्रिल
खिचडी केली. खाली लागली. जर्मनचं पातेलं घासताना काळं निघत नव्हतं. बाकीचं फरसाण.

संध्याकाळी शिडी लावली. गुडघ्याला विचारलं नाही. माळ्यावर गोणपाट होता, आत नीट घडी करून ठेवलेला दुसरा गोणपाट होता, आणि मधे गोल चुंबळ. खापर नव्हतं. तो गोल गोधडीचा गठ्ठा आठवला. हळू ठेवजो, फुटी जाई.

मीच नेलं. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, जपून.

२० एप्रिल
शांत डोक्याने विचार केला. खापर सुरतेला असलं तरी चूल कुठे आहे? चौथ्या मजल्यावर चूल पेटवता येत नाही. तेव्हा ती येणारच. फक्त खापर घेऊन येईल.

२१ एप्रिल
आज एक गोष्ट लक्षात आली ती अशी. उरलेल्या भांड्यांना हात लावत होतो. लग्नातली भांडी, सगळ्यांवर नावं टाकलेली. उरलं आहे त्या प्रत्येकावर नाव 'नवल पाटील'. म्हणजे माझे वडील. जे गेलं त्यावर काय होतं ते मला पाठ आहे. परातीच्या कडेला, हंड्याच्या गळ्याशी, डब्यांच्या झाकणावर. 'चि. सौ. कां. मोहिनीस, चुनीलाल पाटील यांजकडून.' तिचे वडील.

आमचा एक चमचा तिने नेला नाही. माझा नियम तिने पाळला. मला न विचारता फक्त तिचं हललं.

एकतीस वर्षांत असं चोख रजिस्टर माझ्याकडूनही झालं नव्हतं.

२२ एप्रिल
फोन मीच केला. कडक बोलायचं असं कागदावर लिहून घेतलं होतं. ती म्हणे, मी तुमले आठ खेपा सांगं, या. तुम्ही म्हनतस घर कोन देखी. भांडा मांगतू ते तुम्ही गल्ली गोळा करतात. आणि मग सावकाश म्हणाली, त्या भांडासवर मन्हा बापनं नाव शे. माले तेन्हामाच रांधानं बरं वाटस.

लिहिलेलं सगळं वाया गेलं. मी सांगितलं की जर्मनच्या पातेल्याला ॲल्युमिनिअम म्हणतात. ती म्हणे, हाव, रुपाले बी येस ते.

फोन ठेवताना तिने नेहमीसारखं या म्हटलं नाही. मी वाट बघितली. मग कट.

२५ एप्रिल
निर्धार. मीच जाणार. सरप्राइज. आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळी सहाच्या ट्रॅव्हल्सने. दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, माय बॅग इज मेड ऑफ कॅनव्हास. सगळे हसतील. मोहिनी पाणी आणेल, तिच्या वडलांच्या हंड्यातलं.

गावाला जायचा हा निर्णय मी स्वतः घेतलेला आहे, कुणी बोलावलं म्हणून नाही. घागर सुरतेतही भरता येते. आईवडलांना पत्ता सापडेल.

२६ एप्रिल
नानीबाईच्या ओसरीवर जाऊन चूक झाली म्हणालो. ती म्हणे, बरं. दुपारी भाकरी आली. सोबत लाल मिरचीचा ठेचा, नेहमीपेक्षा तिखट.

२८ एप्रिल, सकाळी सात
स्टँडला साडेपाचलाच पोचलो. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. बॅगेत तीन जोड कपडे, रुपाला चार्ट. गाडी आली. मी पायरीशी उभा राहिलो. एकदम चढायचं बरं दिसत नव्हतं. म्हटलं मोबाईल वाजेल. निदान दगा तरी म्हणेल, बठा काका, जागा शे. एक शब्द म्हटला असता तर चढलो असतो.

दगाने नेहमीसारखी माझ्या हातातली बॅग घेतली. डाळ ना? असं विचारलं. मी काही बोलायच्या आत डिकीत टाकली, झाकण लावलं, दोनदा थापटलं. गाडी गेली.

मी हात हलवला. कशाला हलवला ते माहीत नाही. कपड्यांना.

२८ एप्रिल, दुपारी दोन
मोहिनीचा फोन, एकदम घाबरलेला आवाज. तुमना कपडा उनात, तुम्ही कथा शेतस? भाग्येश स्टँडवर गया, तठे बी नहीत!

किती दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला. खरं सांगायचं होतं. गाडी चुकली, उद्याच्या गाडीने येतो, एवढंच वाक्य होतं. तोंडाशी आलं होतं.

मी म्हटलं, ते नमुने आहेत. रुपाच्या धड्यासाठी. धोतर कॉटन, पँट टेरिकॉट, मफलर वूल. बघून परत पाठवा.

 ती म्हणाली, बरं.

३० एप्रिल, आखाजी
कुंभाराकडून घागर आणली. मातीची, पण रजिस्टरला घेतली नाही. दरवर्षी नवी येते ती वस्तू डेडस्टॉकमध्ये धरत नाहीत. पाणी भरलं, वर आंबा ठेवला. आईवडलांचं नाव घेतलं. नैवेद्याला काय ठेवावं सुचेना, ठेचा ठेवता येत नाही. साखर ठेवली.

अकराला व्हिडिओ कॉल. सुरतेच्या इमारतीची गच्ची. तीन विटांची चूल, त्यावर आमचं खापर. सात-आठ बायका भोवती. मोहिनी मधे, घाम पुसत, दोन्ही हातांवर मांडा फिरवत होती आणि हसत होती. ती चौथ्या मजल्यावरून गच्चीवर जाईल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रुपा ओरडली, आजोबा, धिस इज मेड ऑफ क्ले!

मी म्हटलं, अर्दनवेअर. बायकांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

मोहिनीने मांडा टाकला, मग फोनकडे बघितलं. माझ्याकडेच. काहीतरी म्हणाली. इकडे आवाज तुटला.

१ मे
सकाळी भटूकडे बसलो होतो. दगा शोधत आला. सुरतेची बॅग. घरी आणून उघडली. तीन जोड कपडे, धुऊन इस्त्री केलेले. मफलरच्या घडीत डबा, आत चार मांडे. अजून मऊ होते. दोन उभ्यानेच खाल्ले. मग बसून दोन खाल्ले. चव तीच, खापराची.

स्टीलचा डबा, झाकणावर 'चि. सौ. कां. मोहिनीस'. रजिस्टर काढलं. पेनने, ठसठशीत लिहिलं : डबा, स्टेनलेस स्टील, नग एक, परत जमा. नऊ महिन्यांत पहिली जमा. फार बरं वाटलं. म्हटलं, सुरुवात झाली.

१ मे, संध्याकाळी
फोन. डबा परत पाठवा म्हणे, रुपाले शाळेत लागस.

जमेच्या ओळीवर काट मारली.

२ मे, सकाळी सव्वासहा
रिकामा डबा परत द्यायचा नसतो. मोहिनी तर शेजारणीची वाटीसुद्धा साखर घालून परत करायची. घरभर शोधलं, डब्यात घालावं असं काही मी केलेलं नव्हतं. शेवटी कोठीत पोतं सापडलं. आमच्या शेतातली तूरडाळ, गेल्या हंगामातली, तोंडाची शिवणसुद्धा उसवलेली नव्हती. सुरतेला पाठवायची म्हणून आणली होती. डबा काठोकाठ भरला, झाकण दाबून लावलं, पिशवीत ठेवला.

स्टँडवर दगाने पिशवी घेतली. काय शे काका?

म्हटलं, डाळ.

त्याने हातात झेलून बघितली. म्हणे, आज इतकी हलकी कशी?